सहा गाड्यांची जागा

१२ मार्च, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, असं सारखं वाटतंय. तरी लिहिते आहे. सोळा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. म्हणून आधी खुशाली. मी बरी आहे. रक्तदाब गोळीवर आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून माझं ऐकतात. भाचीला चांगली नोकरी लागल्याचं मावशीने फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. माझ्या भावजयीचा मोडलेला पाय नीट जुळला, हेही तिच्याकडूनच कळलं. तू गोदामातून निवृत्त झालास म्हणे. आयुष्यभर सायकली दुरुस्त करणारा माणूस शेवटची पंधरा-सोळा वर्षं मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात काढतो, यावर तू एखादा विनोद केला असशीलच. मला तो ऐकायला मिळाला नाही.

मी अजून त्याच फ्लॅटमध्ये आहे. तू पहिल्यांदा आलास तेव्हा खाली गाड्यांची ती लांबच्या लांब मोकळी जागा बघून म्हणाला होतास, "ताई, घर घेतलंस की विमानतळ?" आता ती जागा भरली आहे. चौदा इमारती, प्रत्येकीखाली दोन मजले नुसत्या गाड्यांचे. लोक गाडीतून उतरतात, लिफ्टमध्ये शिरतात, आणि लिफ्टमधून थेट आपापल्या दारात. शेजारच्या बाईंचा आवाज मी इतक्या वर्षांत चारदा ऐकला असेल, त्यातला एकदा त्या शिंकल्या तेव्हा. माणसं मी गाड्यांवरून ओळखते. राखाडी लांब गाडीवाले, लाल छोट्या गाडीवाल्या, आणि एक तीन गाड्यांवाले. यातलं कुणी रस्त्यात भेटलं तर ओळखता येणार नाही. पण रस्त्यात भेटायला रस्त्यावर कुणी चालत असायला हवं ना.

माझी गाडी सध्या बंद आहे. सात महिने झाले. त्यामुळे जरा अडचण होते, एवढंच.

अडचण म्हणजे कशी, ते मागच्या आठवड्यातलंच सांगते. गोळ्या संपल्या होत्या. औषधाचं दुकान आमच्या समोरच आहे, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. सरळ गेलं तर दोनशे पावलंही नसतील. म्हटलं, जाऊन येऊ. फाटकाशी पहारेकऱ्याने विचारलं, "मॅडम, गाडी कुठाय?"

"चालत निघालेय."

"चालत? कुठे?"

"औषधाच्या दुकानात."

"तिथे चालत कसं जाणार?" तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

फाटकाबाहेर पायवाट नाही. कुंपणाची भिंत आणि डांबर, मधे हातभर माती. सहा पदरी रस्ता, मधोमध लोखंडी कठडा. ओलांडायची जागा कुठे आहे ते विचारलं, तर म्हणाला, उड्डाणपुलाखाली असेल बहुतेक, मी कधी गेलो नाही. मी वीस मिनिटं त्या मातीत उभी होते. एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "आजी, हरवलात का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. परत आले. गोळ्या दुसऱ्या दिवशी मागवून घेतल्या, एक माणूस दारात पिशवी ठेवून घंटी वाजवून निघूनही गेला.

त्या मातीत उभी असताना मला आई आठवली. तुमच्या त्या लांबच्या वसाहतीत राहायला गेल्यावर तिने मला फोन केला होता. "इथे चालायला कुठे नाही गं," म्हणाली. जुन्या घरी ती रोज सकाळी भाजी, वाचनालय, मग शिंपीणबाईंकडे अर्धा तास गप्पा, अशी फेरी मारून यायची. मी फोनवर तिला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, "गच्चीवर फेऱ्या मार." आणि मला मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळंच आहे. मी नोकरीला होते त्या बांधकाम परवानगी खात्यातून एक मुलगी भेटायला आली होती. मुलगी म्हणजे तिशीची इंजिनिअर, पण मला आता सगळ्याच मुली. घर बांधायचं तर प्रत्येक घरामागे दोन गाड्यांची जागा ठेवलीच पाहिजे, हा नियम रद्द करायचा का, यावर शहरात सुनावणी आहे. तिला एकच गोष्ट हवी होती. म्हणाली, "हा दोनचा आकडा आला कुठून? जुन्या कागदांत मोजणी सापडत नाही. तक्ता तुमच्या अक्षरात आहे."

मी हसले. मोजणी कुणी केलीच नव्हती. मी तेव्हा नवीन होते. आमच्या मोठ्या साहेबांनी दुसऱ्या कुठल्याशा शहराचं नियमांचं पुस्तक आणलं आणि म्हणाले, "तिथे दोन आहेत, मग आपण कमी का ठेवायचे?" मी तो तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. दुकानामागे दोन, घरामागे दोन. एका दुपारचं काम. माझं अक्षर चांगलं म्हणून शाबासकीही मिळाली.

ती मुलगी जाताना म्हणाली, "लहान भूखंडांच्या फेटाळलेल्या फायली मी काढते आहे. त्यातल्या एकीवर अर्जदाराचं आडनाव तुमचंच आहे."

तुझी फाईल, बारक्या. एकोणीस वर्षं झाली. मला तो दिवस आठवतो, तुलाही आठवत असेल. तू इतरांसारखा रांगेत उभा राहिलास आणि खिडकीतून नकाशा माझ्यासमोर सरकवलास. खाली सायकलचं दुकान, मधे तुमचं बिऱ्हाड, वर आणखी एक घर. मी हिशेब केला आणि म्हटलं, सहा गाड्यांची जागा लागेल, तुझ्या जागेत दोनच मावतात.

"म्हणजे दुकान काढायचं आणि गाड्या ठेवायच्या?"

"नियम तसा आहे."

"माझं गिऱ्हाईक सायकल ढकलत येतं, ताई. त्याला गाडी ठेवायला जागा कशाला? आणि आपल्या सगळ्या खानदानात मिळून एक गाडी आहे, ती तुझी."

"आज एक आहे. उद्या वाढतील."

"मग उद्या मला सांग," तू म्हणालास आणि हसलास. तुला वाटलं होतं, मी चेष्टा करतेय. मी नामंजूरचा शिक्का मारेपर्यंत तू हसतच होतास.

जुनं घर मोडकळीला आलं होतं. वाढवता येईना, तसंच ठेवताही येईना. तू ते विकलंस आणि शहराबाहेर गेलास. तिथे सायकल घेऊन कोण येणार. दुकान गेलं. दोन वर्षं सायकलीवर गोदामात जाऊन आलास आणि मग हप्त्यावर गाडी घेतलीस. आणि आई खिडकीत बसून राहिली. तीन वर्षांत संपली. तिला निरोप देऊन स्मशानातून बाहेर पडलो तेव्हा तू मला एकच वाक्य म्हणालास, "झालं, ताई. सगळं नियमात झालं."

पण नियम होता, बारक्या. मी त्या खिडकीत बसून दुसरं काय करणार होते?

उत्तराची सक्ती नाही.

तुझी ताई


३ एप्रिल

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही आणि मी वाट बघत नव्हते असं म्हणणार नाही. रोज दुपारी खाली जाऊन टपालाची पेटी उघडते. आमच्या इमारतीत ती पेटी उघडणारी मी एकटीच असेन.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. एक लहान, एक मोठी. लहान आधी सांगते.

गाडी बंद नाही. गाडी ठणठणीत आहे. बंद मी आहे. डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय, समोर बघितलं की मधोमध डाग दिसतो. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझे कान दिसतील, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, आंधळ्या होणार नाही, पण गाडी आजपासून नाही. मी विचारलं, मग मी जायचं कसं? ते म्हणाले, "कुठे?" आणि मला एकही ठिकाण सांगता आलं नाही. सात महिने मी हे कुणाला बोलले नाही. मावशीलाही नाही. गाडीची किल्ली दाराजवळ टांगलेली ठेवली होती, कुणी आलं तर दिसावी म्हणून. कुणी आलं नाही, ती खात्यातली मुलगी सोडून.

आता सुनावणीचं. परवा झाली. ती मुलगी मला न्यायला आली होती. सभागृहाभोवती गाडी ठेवायला जागा मिळेना, चार चकरा मारल्या. आत शंभरेक माणसं होती. एक बांधकामवाला उठून म्हणाला, गाड्यांच्या मजल्यांमुळे लहान घरं बांधणं परवडतच नाही. लगेच एक गृहस्थ ओरडले, "मग लोक माझ्या दारात गाड्या लावतील त्याचं काय?" एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, आम्ही कामाच्या जवळ घर शोधतोय, दोन वर्षं झाली, जवळ घरंच नाहीत, जिकडे बघावं तिकडे गाड्याच राहतात. लोक हसले. ती हसली नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहून सांगितलं की दोनचा आकडा नकलेचा आहे, तो मी स्वतः उतरवून काढलाय, आणि त्यामागे एकही मोजणी नाही. समितीच्या अध्यक्षबाईंसमोर त्या मुलीने तुझी फाईल ठेवली होती. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "इथे एक कलम आहे. लहान भूखंड असेल तर तपासणाऱ्याच्या शिफारशीने गाड्यांची अट शिथिल करता येत होती. तुम्ही शिफारस का केली नाहीत?"

तुला हे कलम माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अर्जदार माझा भाऊ होता. लोक म्हणाले असते, घरच्या माणसासाठी नियम वाकवला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो दारातल्या गाड्यांवाला गृहस्थसुद्धा वाजवत होता. अध्यक्षबाई म्हणाल्या, असा प्रामाणिकपणा आता कुठे बघायला मिळतो. मी खाली बसले. टाळ्या थांबेपर्यंत मान वर केली नाही. कारण मी तेव्हासुद्धा खोटंच बोलले होते, आणि या वेळी भर सभेत.

हीच मोठी गोष्ट. नीट वाच, कारण मला दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही.

त्याच वर्षी त्या कलमाची शिफारस मी अकरा जणांना केली होती. लाँड्रीवाला, चष्मेवाला, दोन विधवा बहिणी. एक ओळ लिहायची आणि सही करायची. तुझ्यासाठी मला ती ओळही लिहायची गरज नव्हती. फाईल शेजारच्या टेबलावर सरकवली असती, तर त्या टेबलावरच्याने ती डोळे मिटून मंजूर केली असती. त्याला तू दोनदा सायकल फुकट दुरुस्त करून दिली होतीस.

तुझा नकाशा मी उघडला तेव्हा सगळ्यात आधी मला वरचा मजला दिसला. तू खोल्यांत माणसांची नावं लिहिली होतीस. एकीत 'आई'. आणि तिला लागून, मधे दार असलेल्या खोलीत, 'ताई'. मी पहिलीच हरकत लाल शाईने काय नोंदवली, आठवतं? 'खोल्यांना व्यक्तींची नावे देऊ नयेत.' असा कुठलाही नियम नव्हता.

बारक्या, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. नऊ वर्षं मी सकाळी त्यांना अंघोळ घातली, मग कचेरी, संध्याकाळी परत तेच. तू दुकानात असायचास, तुझं लग्न झालं, मूल झालं. मी तक्रार केली नाही, कुणी विचारलंही नाही. बाबा गेले आणि मी कर्ज काढून हा फ्लॅट घेतला आणि गाडी. पहिल्या रविवारी मी कुठेही जायचं नसताना चार तास गाडी चालवली. काच खाली, केस मोकळे, चव्वेचाळीस वर्षांची बाई. तेवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

पुढे पाच वर्षांनी तुझा नकाशा आला. आईला तेव्हा उठायला आधार लागायला लागला होता. मधलं ते दार बघितलं आणि मला दिसलं, मी पुन्हा सकाळी कुणाला तरी अंघोळ घालते आहे. तू प्रेमानेच ती खोली काढली होतीस, मला ठाऊक आहे. मला न विचारता काढली होतीस, हेही तितकंच खरं. मी तुला सरळ म्हणू शकले असते, "मला नाही यायचं." तू रागावला असतास, चार दिवस बोलला नसतास, आणि घर बांधलं असतंस. पण 'नको' म्हणणारी मुलगी आईला आवडली नसती. तसं म्हणायचं धाडस मला झालं नाही. नियम हाताशी होता. तो माझ्याऐवजी नको म्हणाला.

मला वाटलं होतं, एक नकाशा परत जाईल फक्त. घर जाईल, तुझं दुकान जाईल, आईचं चालणं जाईल, असं माझ्या मनात आलं नव्हतं. हे सबब म्हणून सांगत नाही. विचार केला असता तर कळलं असतं. रोज तेच काम करत होते मी.

ताई


२१ जून

प्रिय बारक्या,

परवा भाचीचा फोन आला. म्हणाली, "आत्या, बाबांनी तुमचा नवीन पत्ता विचारायला सांगितलाय." तिला म्हटलं, त्यांना फोन दे. ती म्हणाली, ते बाहेर गेलेत. मागे कुणीतरी खाकरलं. तुझं खाकरणं मी ओळखते. पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

हो, मी घर बदललं. मावशीने सांगितलंच असेल. फ्लॅट भाड्याने दिला, गाडी विकली. शेजारच्या बाई गाडी बघायला आल्या, तेव्हा त्या गणिताच्या शिक्षिका आहेत असं कळलं. चोवीस वर्षांनी. त्यांनी चहा करून दिला. म्हणाल्या, आधी यायला हवं होतं. मी म्हटलं, मीही.

आता मी आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीच्या वर, एका खोलीत राहते. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ येते आणि लाँड्रीवाला फोनवर बायकोशी भांडतो, ते सगळं ऐकू येतं. पहिले काही दिवस त्रास झाला. आता तो गप्प असला की मी खिडकीतून विचारते, बरा आहेस ना म्हणून. औषधांचं दुकान साठ पावलांवर आहे. कडेच्या नजरेने तेवढं जाता येतं. भाजीवालीने तिसऱ्याच दिवशी माझं नाव ठेवलं, 'तिरपं बघणाऱ्या काकू'.

आपलं घर होतं तिथे मी गेले होते. शेजारच्या दवाखान्याने ते पाडून गाड्यांसाठी जागा केली आहे. मी मोजल्या. बरोब्बर सहा मावतात. मी गेले तेव्हा दोन होत्या.

नियम बदलला. लहान भूखंडावर आता गाडीची जागा ज्याने त्याने ठरवायची, सक्ती नाही. त्या मुलीने मला कागद आणून वाचून दाखवला. जाहीर करताना समितीने माझे आभार मानलेत, नावानिशी. मी तिला खरं कारण सांगितलं, जे तुला लिहिलं ते. तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, कागदात बदल करता येणार नाही आता. मी म्हटलं, तुझ्यापुरतं असू दे. सुनावणीनंतर ती दर गुरुवारी यायला लागली होती, अजूनही येते, पण पूर्वीसारखी हसत नाही. तेच बरोबर आहे.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तू केलंस तरी दुकान परत येणार नाही, आणि तुझ्या तोंडून तो शब्द ऐकून मीच ओशाळेन. इथे ये, असंही म्हणत नाही. तुझ्या तिथून इथवर यायला अजून गाडीच लागते, आणि गुडघे तुझेही तसलेच.

मला फक्त एक विचारायचं आहे. हे मी सोळा वर्षं कुणाला विचारू शकले नाही, कारण तिथे तू होतास आणि मी नव्हते. शेवटी शेवटी, त्या खिडकीत बसलेली असताना, आई माझ्याबद्दल विचारायची का? ताई कधी येणार, असं काही म्हणायची? का नावच काढत नव्हती? जे असेल ते लिही. माझ्यासाठी सौम्य करून लिहू नकोस.

आणि अक्षर मोठं काढ, काळ्या शाईत. हे पत्र मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझी,
जिला आईने खालून हाक मारली तरी ऐकू आली असती, इतक्या जवळ आता राहायला आलेली,
ताई